पोर अडखळतं कुठं?

गावात शाळा आहे. पोर रोज शाळेत जाते. पाठीवर दप्तर आहे, दप्तरात पुस्तक आहे. संध्याकाळी दिव्याखाली बसून ते मोठ्याने धडा म्हणते. आई भाकरी थापता थापता ऐकते आणि मनात म्हणते, "चला, पोर शिकतंय."

शिकते आहे खरे. पण वाचते आहे का? हे कसे ओळखावे?

एक सोपी युक्ती आहे. पोर धडा म्हणत असताना पुस्तकातले चित्र हाताने झाका. मग मधल्याच एका ओळीवर बोट ठेवा आणि म्हणा, "बाळ, एवढीच ओळ वाच बघू." खरोखर वाचता येत असेल तर ते लगेच वाचील. पण पुष्कळ वेळा काय होते? पोर घुटमळते. वर बघते, खाली बघते. मग हळूच पहिल्या ओळीपासून म्हणायला लागते आणि म्हणत म्हणत त्या ओळीपर्यंत येऊन पोचते. म्हणजे धडा डोळ्यांनी वाचलेला नाही, कानांनी पाठ केलेला आहे. वर्गात सगळी मुले एका सुरात म्हणतात, ते ऐकून ऐकून तो तोंडात बसला आहे.

यात पोराची लबाडी नाही बरे का! आपल्याला भजन असेच ऐकून पाठ होते. पण भजन पाठ असले म्हणून पोथी वाचता येते असे नाही.

हे एकट्या तुमच्या घरचे नाही. 'असर' नावाची एक पाहणी २००५ सालापासून होत आली आहे. 'प्रथम' नावाच्या संस्थेने ती सुरू केली. पाहणी करणारी माणसे शाळेत जात नाहीत, घरी येतात. दर जिल्ह्यात तीस गावे आणि दर गावात वीस घरे घेतात. ओटीवर बसून मुलापुढे एक कागद ठेवतात. कागदावर काही अक्षरे असतात, काही शब्द असतात, चार सोप्या ओळी असतात आणि एक छोटी गोष्ट असते. गोष्ट दुसरीच्या पुस्तकाइतकीच अवघड. २०१८ साली देशातल्या खेड्यांत पाचवीच्या शंभर मुलांपैकी ५० मुलांना ती गोष्ट वाचता आली. मग कोरोनाची साथ आली. २०२० आणि २०२१ या सालांत शाळा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. २०२२ साली आकडा ४३ वर घसरला. २०२४ साली तो पुन्हा ४९ वर आला. म्हणजे पाचवीत बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला दुसरीची गोष्ट वाचता येत नव्हती. तिसरीचे तर शंभरात फक्त २७ जण ती वाचू शकले.

ही मुले शाळेत जात होती. हजेरीपटावर त्यांची नावे होती. आईबापांना वाटत होते की पोर वाचते आहे.

वर्ग पुढे, पोर मागे

असे का होते? वर्ग गाडीसारखा चालतो. जूनमध्ये निघाला की थांबत नाही. पहिलीत अक्षरे, दुसरीत धडे, तिसरीत मोठे धडे. ज्याला पहिलीत अक्षरे नीट आली नाहीत, त्याच्यासमोर दुसरीत धडा येतो. तो धडा त्याला कळत नाही. तिसरीत त्याहून मोठा धडा येतो. गुरुजींना पुस्तक संपवायचे असते. पुष्कळ लहान गावांत दोनच शिक्षक आणि चार-पाच वर्ग असतात. गुरुजी फळ्यापाशी उभे राहून विचारतात, तेव्हा पुढची चार मुले उत्तर देतात. मागची मुले ओठ हलवतात.

कधी पोर आजारी पडते आणि महिनाभर शाळा बुडते. कधी घरच उठते. बीडकडची, नगरकडची कितीतरी माणसे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी आणि त्यांच्यावर पोरे. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तोवर अर्धे वर्ष गेलेले असते. पोर बहुधा नापास होत नाही, पुढच्या वर्गात बसते, पण मधला जिना मोडलेला असतो.

आणखी एक कारण आहे, ते कोणी फारसे ध्यानात घेत नाही. तांड्यावरचे मूल आईला 'याडी' म्हणते. गोंडाच्या घरात पाण्याला 'येर' म्हणतात. पुस्तकात 'आई' आणि 'पाणी' असते. त्या मुलाला अक्षर नवे, शब्दही नवा, असे दोन डोंगर एकदम चढावे लागतात. अशा मुलाला आधी त्याच्या भाषेत गोष्ट सांगावी. मग तीच मराठीत सांगावी. मगच ती पुस्तकात दाखवावी. घरची भाषा बोलू नको असे मात्र त्याला कधी सांगू नये. तिच्याच आधाराने ते दुसरी भाषा शिकणार आहे.

कापणीची वाट पाहू नका

तुम्ही ज्वारी पेरता. मग कापणीपर्यंत शेताकडे फिरकत नाही, असे कधी होते का? पेरल्यावर आठ दिवसांनी बघता, उगवण कशी आहे. पुढे बांधावरून फेरी मारता. पान पिवळे पडले का, खोडाला कीड लागली का, पाणी कुठे साचले का, हे बघता. जिथे बिघडले असेल तिथे तेव्हाच इलाज करता. कापणीच्या दिवशी कीड दिसली तर हात चोळत बसावे लागते.

वर्षाच्या शेवटची परीक्षा ही कापणी आहे. ती सांगते की पीक किती आले. पीक वाचवण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असते. म्हणून मुलाचे वाचन दर आठवड्याला थोडेथोडे बघायचे असते. महाराष्ट्रात २०१० साली सरकारने शाळांना हेच सांगितले. एकाच परीक्षेवर न थांबता वर्षभर मुलाकडे बघत राहावे, कुठे अडते ते टिपावे, आणि त्याप्रमाणे शिकवावे. शाळेच्या भाषेत याला 'आकारिक मूल्यमापन' म्हणतात. नाव भारी आहे. काम बांधावरच्या फेरीचे आहे.

ही फेरी घरीही मारता येते. त्याला फार शिकलेले माणूस लागत नाही. एक लहान वही घ्या. आठवड्यातला एक दिवस ठरवा. बाजाराचा दिवस चांगला, तो कोणी विसरत नाही. त्या दिवशी पोराला पाच-दहा मिनिटे जवळ घेऊन बसा.

वाचनाच्या चार पायऱ्या धरा. पहिली अक्षरांची, दुसरी शब्दांची, तिसरी चार सोप्या ओळींची, चौथी छोट्या गोष्टीची. अक्षरे दाखवताना क, ख, ग, घ असे ओळीने दाखवू नका. ओळ पाठ असते. म, स, त, ब, प अशी वेगवेगळी पाच अक्षरे दाखवा. पाचांतली चार आली तर पुढच्या पायरीवर जा. शब्दांचेही तसेच. जिथे पाय अडखळतो ती पोराची पायरी. ते तिसरीत आहे की चौथीत, हे क्षणभर विसरून जा. इयत्ता हजेरीपटावर असते. पायरी पोराच्या डोक्यात असते, आणि शिकवायचे तिथूनच.

वहीत तीनच गोष्टी लिहा. तारीख, काय वाचले, आणि कुठे अडले. 'कुठे अडले' ही ओळ सर्वांत मोलाची. "याला वाचता येत नाही" असे म्हटले तर पुढे काय करायचे ते कळत नाही. "याला घ आणि ध मधला फरक कळत नाही" असे म्हटले की काम समोर दिसते.

आपल्या लिपीतल्या काही जागा पोरांना हटकून चकवतात. तुम्ही स्वतः नुकतेच शिकला आहात, तुम्हाला त्या आठवत असतील. घ आणि ध. भ आणि म. थ आणि य. ब आणि व. प आणि ष. एवढीशी गाठ किंवा एवढीशी रेघ, आणि अक्षर बदलते. अशा वेळी दोन शब्द शेजारी शेजारी लिहावे. घर आणि धर. भात आणि मात. बारा आणि वारा. पोराला विचारावे, "यातलं राहायचं कोणतं? ताटात वाढायचं कोणतं?" अर्थाला धरून अक्षर लक्षात राहते.

दुसरी जागा वेलांटीची. 'दिवा' लिहिताना पहिली वेलांटी द च्या आधी काढतो आणि बोलताना तिचा आवाज द च्या नंतर येतो. पोर डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जाते आणि तिथे ठेचकाळते. रफाराचे याच्या उलट. 'सर्प' म्हणताना र आधी बोलतो, पण तो जाऊन बसतो प च्या डोक्यावर. आणि जोडाक्षरे! त्यांत अर्धे अक्षर कधी पुढच्याला चिकटते, कधी खाली लोंबते. यात पोराचा मठ्ठपणा कसला? लिपीची ती रीतच तशी आहे. ती एकदा उलगडून सांगावी लागते आणि दहा वेळा घोटून घ्यावी लागते.

आणखी एक प्रकार असतो. पोराला सगळी अक्षरे येतात, पण ते एकेक सुटे वाचते. "क... म... ळ..." ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. विचारले, काय वाचलेस? तर काही सांगता येत नाही. नवी सायकल शिकणाऱ्याकडे बघा. त्याचे सगळे ध्यान पायटा आणि हँडलकडे असते, रस्त्यात कोण भेटले ते त्याला सांगता येत नाही. अशा पोराला अवघड धडा देऊ नये. सोप्या चार ओळी द्याव्या आणि त्याच ओळी तीन-चार दिवस वाचायला लावाव्या. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, पोर ऐकेल. दुसऱ्या दिवशी दोघे एका आवाजात वाचा. तिसऱ्या दिवशी ते एकटे वाचील. जीभ मोकळी झाली की ध्यान अर्थाकडे जाते.

पोर वाचताना चुकले की आपण लगेच "चूक!" म्हणून ओरडतो. तसे करू नये. मनात पाचापर्यंत आकडे मोजावे. कित्येकदा पोर स्वतःच माघारी वळून दुरुस्त करते. न केले तर वाक्य पुरे होऊ द्यावे आणि विचारावे, "'आई मात शिजवते' असं म्हणतात का गं कोणी?" पोरगी हसेल, पुन्हा बघेल आणि म्हणेल, "भात! भात शिजवते." तिची चूक तिला सापडली. आपण सांगितलेले उद्या विसरेल, हे विसरायची नाही.

तुम्हाला स्वतःला अजून झरझर वाचता येत नसेल, तरी अडायचे कारण नाही. पोराला बोट फिरवत वाचू द्या आणि मधून मधून विचारा, "मग पुढं काय झालं?" गोष्ट कळण्यासारखी सांगत असेल तर वाचन ठीक चालले आहे. अडखळले तर दोघे मिळून डोके लावा.

पोटात दुखतं

आता खरी अवघड गोष्ट सांगतो. वाचन मागे पडलेले पोर नुसते अक्षराला अडलेले नसते. ते भ्यालेले असते.

भय ते बोलून दाखवत नाही. सकाळी शाळेच्या वेळी त्याच्या पोटात दुखते. रविवारी दुखत नाही. पुस्तक घरी विसरते. वाचायची पाळी जवळ आली की एक बोट वर करून बाहेर जायला मागते. कोणी शेजाऱ्याला चिमटा काढते. खोड्यांबद्दल मार बसला तरी चालेल, पण चार जणांत वाचताना हसे व्हायला नको, असा त्याचा हिशेब असतो. पोरी बहुधा खोड्या करीत नाहीत. त्या गप्प होतात. वर्षभर गप्प बसलेली पोरगी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. गुरुजी म्हणतात, "गरीब आहे, त्रास देत नाही." सहावी-सातवीला ती म्हणते, "मला नाही जायचं शाळेत. मी घरी भाऊ सांभाळते." मग घरचे म्हणतात, "तिला शिक्षणाची गोडीच नाही." गोडी होती. लाजेखाली दबून गेली. आणि शाळा सुटलेल्या पोरीच्या लग्नाची बोलणी कशी लवकर सुरू होतात, ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे अशा मुलाला 'ढ' म्हणायची चाल आहे. ही चाल कशी पडली, ते सांगतात ते गमतीचे आहे. अशोक राजाच्या वेळची, बावीसशे वर्षांपूर्वीची जुनी लिपी दगडांवर कोरलेली आहे. तेव्हापासून आजवर सगळी अक्षरे बदलली. क बदलला, म बदलला. ढ तेवढा जवळजवळ तसाच राहिला. म्हणून जो बदलत नाही तो 'ढ'. अक्षराच्या बाबतीत हे ठीक आहे. पण पोर काही दगडावर कोरलेले नाही. त्याला रोज 'ढ' म्हटले की तेच खरे वाटू लागते आणि ते धडपड सोडून देते.

मारण्याचेही तसेच. मार बसेल या भीतीने पोराचे सगळे ध्यान हाताकडे राहते, पुस्तकाकडे नाही. २००९ साली मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की शाळेत मुलाला मारायचे नाही आणि त्याच्या मनालाही छळायचे नाही. चारचौघांत 'ढ' म्हणून हिणवणे हा मनाचा छळच आहे. कायदा शाळेला आहे, पण घरात बापाने तो पाळायला काय हरकत आहे?

मग धीर कसा द्यावा? नुसते "तू हुशार आहेस" म्हणून भागत नाही. पोर मनात म्हणते, "नाही, मला वाचता येत नाही, मला ठाऊक आहे." इथे आपली वही कामाला येते. मागचे पान उलटून दाखवावे. "हे बघ, दिवाळीच्या आधी तुला 'पर्वत' म्हणता येत नव्हतं. आज न थांबता म्हटलंस." हे खरे असते, लिहिलेले असते, म्हणून ते पटते. थोरल्या भावाशी त्याची तुलना करू नये. शेजारच्या मुलाशीही नको. मागच्या महिन्यातल्या त्याच्याशीच करावी.

चौथीतल्या मुलाच्या हाती पहिलीचे पुस्तक दिले की त्याची मान खाली जाते. सोबती बघतील अशी लाज वाटते. त्याला म्हणावे, "रात्री धाकटीला एक गोष्ट वाचून दाखव. तिला झोप येत नाही." आता पहिलीचे पुस्तक वाचायला त्याला मानाचे कारण मिळाले. धाकटी काही त्याच्या चुका काढणार नाही. ती हुंकार देईल आणि "आणखी" म्हणेल. त्याचे वाचन होईल, धाकटीच्या कानावर शब्द पडतील.

तुम्ही स्वतः शिकत असाल तर त्याहून चांगले. "मला पण हे जोडाक्षर अडतं बघ," असे बापाने म्हटले की पोराच्या मनावरचे ओझे उतरते. मोठ्या माणसाचेही अडते आणि मोठे माणूसही पुन्हा बसते, हे ते डोळ्यांनी बघते.

आधी आपलेपणा

हे सारे काही आजच सुचलेले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांसाठी काम सुरू केले. पुढे १९५७ साली ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताईंचे लग्न बालपणी झाले होते आणि बालपणीच त्या विधवा झाल्या. नंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या. पाड्यांवरची आदिवासी मुले बालवाडीत येईनात. ती का येत नाहीत म्हणून रागावण्यापेक्षा या बायांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली आणि कोणाच्या तरी अंगणात भरवली. आज गावोगाव 'अंगणवाडी' म्हणतात ती कल्पना तिथली. मोठी मुले गुरे राखायला जात. तर शाळा गुरांच्या मागे कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. गाणी, खेळ, पाने, बिया, गोट्या, हे आधी. अक्षरे नंतर. पोर जवळ आल्याशिवाय त्याला शिकवता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईत 'प्रथम' संस्था १९९५ साली निघाली. तिने मुंबईत आणि बडोद्यात वेगळा उपाय केला. मागे पडलेली मुले रोज दोन तास वर्गातून बाजूला घेतली. त्यांना शिकवायला त्याच वस्तीतल्या तरुण मुली नेमल्या. त्यांना 'बालसखी' म्हणत. त्या मोठ्या पदवीच्या शिक्षिका नव्हत्या. पण मूल कुठल्या पायरीवर आहे ते बघत आणि तिथून शिकवत. मुलांची भाषा आणि घरची माणसे त्यांच्या ओळखीची होती. याने काही फरक पडतो का, ते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अभ्यासकांनी काही शाळांत बालसख्या देऊन आणि काहींत न देऊन तपासले. फरक पडला. मागची मुले वर आली. गरिबीवरचे उपाय असे पारखून बघण्याच्या कामाबद्दल या दोघांना आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या गावात बारावी झालेली एखादी सून किंवा लेक रिकामी असेल, तर तिला मंदिराच्या ओट्यावर पाच-सात पोरे घेऊन बसवायला फार खर्च येत नाही.

डोळे, कान आणि आणखी काही

कधी कधी मायेने आणि सरावानेही पोर हलत नाही. तेव्हा आधी डोळे बघा. पोर पुस्तक नाकाला लावते का? फळ्याकडे बघताना डोळे बारीक करते का? मग कान बघा. हाक मारल्यावर दोनदा-तीनदा विचारते का? कान वाहतो का? पुष्कळ 'मठ्ठ' मुले चष्मा लागल्यावर एका महिन्यात हुशार झालेली आहेत. शाळेत आणि अंगणवाडीत मुले तपासायला डॉक्टरांचे पथक येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून ही योजना २०१३ पासून चालते. पथक येईल त्या दिवशी पोराला शेतावर पाठवू नका, आणि आपली शंका डॉक्टरांना तोंडाने सांगा.

काही मुलांचे डोळे चांगले, कान चांगले, बोलणे चलाख, तोंडी हिशेब चोख. पण अक्षर त्यांच्या हातातून मासोळीसारखे निसटते. आज ओळखले, उद्या पुन्हा अनोळखी. याला 'डिसलेक्सिया' म्हणतात. यात बुद्धी कमी नसते. आईच्या वागण्याने हे होत नाही, अंगाऱ्याने जात नाही आणि टॉनिकनेही जात नाही. अशा मुलाला वेगळ्या रीतीने, फार सावकाश आणि जास्त वेळा शिकवावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात याची नोंद आहे. सरकारी दवाखान्यातून तपासणी होऊन दाखला मिळाला तर परीक्षेत जास्त वेळ मिळतो, लेखनिकही मिळतो. गुरुजींना विचारा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात अशा मुलांसाठी काम करणारे शिक्षक असतात.

गुरुजींकडे जावे, पण कसे?

आपण शाळेत जातो ते भांडायला नाही तर झेंडावंदनाला. मधल्या दिवसांतही जावे. "पोराचा अभ्यास कसा आहे?" असे विचारले की "ठीक आहे" एवढेच उत्तर येते. त्यापेक्षा विचारावे, "गुरुजी, माझी पोरगी वाचनात कुठल्या पायरीवर आहे? शब्द येतात की ओळी? कुठं अडते? मी घरी काय करून घेऊ?" आपली वही दाखवावी. चांगल्या शिक्षकाला असा पालक आला की आनंद होतो. आणि ज्याला आनंद होत नाही, त्यालाही उद्यापासून त्या पोरीकडे बघावे लागते.

शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. हे २००९ च्या कायद्यातच आहे. समितीत बसून नुसत्या भिंतीच्या रंगाची चर्चा करू नये. किती मुले अक्षरांवर आहेत, किती ओळींवर आहेत, गोष्टीची पुस्तके कपाटात कुलपात आहेत की मुलांच्या हातात, हे विचारावे. ऊसतोडीला जायचे असेल तर निघण्याआधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे, म्हणजे जाल तिथल्या शाळेत पोराला बसता येते. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल तर आजीजवळ पोर ठेवून जाता येते.

उन्हाळ्याच्या सुटीचे विसरू नका. मार्चपर्यंत चढलेल्या पायऱ्या मे महिन्यात घसरतात. पुस्तके शाळेत जमा होतात, हातात वाचायला काही नसते. अशा वेळी एसटीची पाटी, बियाण्याची पिशवी, किराणा दुकानाची यादी, लग्नाची पत्रिका, भिंतीवरचे कॅलेंडर, सगळे वाचायला चालते. लग्नसराईत पत्रिका तर ढीगभर येतात. पोराला म्हणावे, "वाच बघू, लग्न कुणाचं आहे, कधी आहे, आणि जेवण सकाळी आहे का संध्याकाळी." एवढे बिनचूक सांगितले तर त्या दिवशीच्या तारखेपुढे वहीत एक खूण करावी, आणि ती खूण पोराच्याच हाताने करवून घ्यावी.